एक नंबरची चिठ्ठी

दुकान उघडायला अजून वेळ होता, आणि मास्तर सकाळपासून एका पांढऱ्या चादरीशी भांडत बसले होते.

मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. शाळेत त्यांनी कुणाला कधी शिकवलं नव्हतं. पण कापडावरचा डाग नुसता बघून तो कशाचा, किती दिवसांचा, आणि तो काढायला घरात आधी काय काय उद्योग करून झालेत, हे ते सांगायचे. म्हणून गिऱ्हाइकांनीच त्यांना डागमास्तर करून टाकलं होतं. धुलाईचं दुकान बाईंच्या सासूने काढलेलं आणि बाईंनी वाढवलेलं. मुलगा मशिनं बघायचा, सून काउंटर बघायची, मास्तर डाग बघायचे, आणि बाई या तिघांकडे बघायच्या.

"हा निघत नाही," मास्तर म्हणाले. तिसऱ्यांदा घासून झालं होतं.

बाईंनी चादर खिडकीशी धरली. चादर स्वच्छ होती. कुठाय म्हणून विचारलं तर मास्तरांनी बोट ठेवलं, आणि लगेच ते बोट वीतभर सरकलं. "आता इथे आहे," ते म्हणाले.

बाईंनी चादरीकडे बघायचं सोडलं आणि नवऱ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत त्यांनी पसरणारे डाग बघितले होते, विटणारे बघितले होते, वाळल्यावर पुन्हा तोंड वर काढणारे बेरकी डागही बघितले होते. चालणारा डाग बघितला नव्हता. त्यांनी मास्तरांना खांद्याला धरून चुन्याच्या भिंतीकडे वळवलं. भिंतीवरही डाग होता. वर छताकडे बघायला लावलं. छतावरही होता.

मग एकेक बाहेर यायला लागलं. कालपासून डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी दिवा लावतंय-विझवतंय असं होत होतं. काजळीचे कण उडाल्यासारखे दिसत होते. आणि आज उठल्यापासून त्याच डोळ्यात खालून एक करडी सावली वर चढत होती, चिखलात उभं राहिलं की पँटच्या काठातून ओल वर चढते तशी.

"आणि हे आत्ता सांगताय?"

"दुखत नाही गं. दुखलं असतं तर सांगितलं नसतं का?"

बाईंनी चादर होती तिथेच टाकली. समोरच्या शिंप्याचं त्यांना ठाऊक होतं. त्यालाही अशीच न दुखणारी सावली आली होती. जाईल आपोआप म्हणून तो आठ दिवस बसून राहिला, आणि नवव्या दिवशी डॉक्टर त्याला म्हणाले की पहिल्या दिवशी का नाही आलात. तो डोळा गेला तो गेलाच. आता त्याच्या सुईत दोरा त्याची बायको ओवते. मास्तरांचा एक डोळा आधीच मोतीबिंदूने निम्मा होता. शाई कुठली आणि गंज कुठला हे सांगायचा तो हा डावा. तो गेला तर मास्तर नुसते बसून राहतील, आणि बसून राहिलेला माणूस कसा वाळत जातो ते बाईंनी सासऱ्यांच्या वेळी बघितलं होतं.

डोळ्यांचं मोठं इस्पितळ पुलापलीकडे. पण तिथे भागातल्या दवाखान्याची चिठ्ठी नसेल तर दारावरचा माणूसच परत पाठवायचा. म्हणजे आधी दवाखाना. आणि दवाखान्याचा नियम सगळ्या गल्लीला पाठ होता: त्याच दिवशी दाखवायचं तर सकाळी आठाच्या ठोक्याला फोन करायचा, आणि लागला तर आपलं नशीब.

"आई, मी बोलते," सून म्हणाली. ती बारावी शिकलेली होती आणि फोनवर छान बोलायची.

"तू फार गोड बोलतेस. तुला ते पुढच्या महिन्यात बोलावतील आणि तू थँक्यू म्हणशील."

आठ वाजता बाईंनी फोन लावला. गुंतलेला. पुन्हा लावला. गुंतलेला. आठ वाजून चार मिनिटांनी लागला, आणि कुणीतरी सांगितलं की तुमच्या आधी एकवीस जण आहेत. मग बासरी वाजायला लागली. एकच तुकडा पुन्हा पुन्हा. सतरा मिनिटं बाई एका हातात फोन आणि एका हातात मास्तरांची बाही धरून उभ्या होत्या, जसं काही सोडली तर सावली त्यांना घेऊन जाईल. शेवटी एका मुलीचा आवाज आला. काय होतंय, तिने विचारलं.

"डोळा."

"डोळा आलाय का?"

"आला नाही, चाललाय."

मुलगी हसली नाही. तिच्यामागे आणखी फोन वाजत होते. तिने विचारलं, एक ते दहामध्ये त्रास किती आहे.

इथे थोडं थांबून या घराची एक पद्धत सांगायला हवी. दुकानात आलेल्या प्रत्येक कपड्याला कापडी चिठ्ठी टाचतात, आणि चिठ्ठीवर एक ते दहापैकी आकडा घालतात. ही रीत बाईंच्या सासूची. एक म्हणजे हातातलं असेल ते टाकून आधी हे. उशीर झाला तर डाग कायमचा बसेल. पाच म्हणजे आज ना उद्या. दहा म्हणजे सवडीने, पुढच्या आठवड्यात झालं तरी काही बिघडत नाही. दुकानातली ही मोजणी कधी घरात शिरली ते कुणालाच आठवत नव्हतं. नातीचा ताप दोन, छपराची गळती चार, नणंद राहायला येणार ती नऊ. मुलाच्या लग्नाची बोलणी सहावर अडकली होती, ती सून बघितल्यावर एका दिवसात दोनवर आली. त्या घरात एक हा आकडा मोठ्याने म्हटला की लोक जेवणाच्या ताटावरून उठत.

"एक," बाई म्हणाल्या. वर्षभरात पहिल्यांदाच म्हणाल्या असतील.

पलीकडे टकटक झालं आणि मुलीचा आवाज एकदम निवांत झाला. पुढच्या आठवड्यातला गुरुवार, सव्वाअकरा, ती म्हणाली. बाईंनी सांगितलं की आजच हवंय. आजचे नंबर आठ वाजून सहा मिनिटांनीच संपले, मुलगी म्हणाली. बाईंनी पुन्हा बजावलं की मी एक म्हटलंय. हो, एकच लिहिलंय, मुलगी म्हणाली, काळजी करू नका. आणि फोन बंद झाला.

बाई फोनकडे बघत राहिल्या. "एकवाल्याला नऊ दिवसांनी बोलावतात," त्या म्हणाल्या. "मग दहावाल्याच्या काय नातवाला बोलावतात?"

उद्या सकाळी पुन्हा फोन करू, मी दोन फोन घेऊन बसते, असं सून म्हणाली. सुनेचं बरोबर होतं. पण सुनेचं बरोबर असलं तरी सावलीला ते कुठे माहीत होतं. बाईंनी मास्तरांना कडक इस्त्रीचा शर्ट घालायला लावला, कारण धुलाईवाल्याच्या घरचा माणूस चुरगळलेला बाहेर पडला तर मरणापेक्षा वाईट. मग पायात चप्पल सरकवली. मुलाला सांगितलं, तू मशिनं बघ. सुनेला सांगितलं, तू फोन बघ. आणि दोघं निघाले.

दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. पहिल्याच कोपऱ्यावर मास्तरांची पायरी चुकली. दुसऱ्या कोपऱ्यावर दिव्याचा खांब त्यांच्या खांद्याला लागला. तेव्हा बाईंनी त्यांचा दंड धरला. रस्त्यात हात धरून चालायची या दोघांना सवय नव्हती.

"लोक बघतायत," मास्तर पुटपुटले.

"तुम्हाला दिसतायत का? नाही ना? मग चला गप."

दवाखान्यात एकमेकींना जोडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या तीन रांगा, आणि प्रत्येक खुर्चीवर कुणीतरी. खिडकीसमोर उभी रांग वेगळी. रांगेत पुढे एक टॅक्सीवाला होता, खोकून खोकून बेजार झालेला, पण दोन खोकल्यांच्या मध्ये सगळ्यांना सल्ला देणारा. बाईंनी काय झालंय ते सांगितल्यावर त्याने मान हलवली. डोळ्याबिळ्याचं काढू नका, तो म्हणाला. छातीत कळ येते म्हणा. छाती म्हटलं की लगेच आत घेतात. त्याच्या मेव्हण्याने पायाच्या नखासाठी छाती सांगितली होती.

बाईंना सल्ला पटला असता, तर त्या खोटं बोलल्या असत्या. नवऱ्याच्या डोळ्यापुढे खरं-खोटं बघणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. पण दुकानात रोज खोटा डाग सांगणारी गिऱ्हाइकं येतात. शाईला चहा म्हणतात, गंजाला फळाचा रस म्हणतात, कारण खरं सांगायची लाज वाटते. मास्तर तेवढ्यावर औषध घालते तर कापडाची चाळण झाली असती. छाती म्हणून आत गेले तर डॉक्टर छातीच बघतील. तासभर छाती बघतील, आणि तासाभरात सावली कुठवर चढेल?

"खोटा डाग सांगितला की खोटं औषध पडतं," त्या टॅक्सीवाल्याला म्हणाल्या. "तुमच्या मेव्हण्याच्या नखाचं काय झालं?"

"गेलं," टॅक्सीवाला म्हणाला.

खिडकीत तीच मुलगी होती, आवाजावरून बाईंनी ओळखली. फिक्या निळ्या कोटाच्या खिशाखाली पेन गळून रुपयाएवढा शाईचा डाग. अंगात कोट असला तरी वय पंचविसाच्या पुढे नव्हतं, आणि सकाळच्या नऊलाच डोळे थकलेले.

"आजी, गुरुवारचा नंबर दिलाय ना तुम्हाला?"

"आजी घरी असेल तुझी."

"बरं, काकू. आज खरंच एकही नाही. मी काढून देऊ शकत नाही. उद्या आठला फोन करा."

रांग मागून सरकत होती. बाई बाजूला झाल्या, पण घरी गेल्या नाहीत. एका म्हाताऱ्याला सरकायला लावून त्यांनी मास्तरांना बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. डोकं चालवायचं तर उभं राहून, बसून नाही, हा त्यांचा नियम. डोकं चालवताना नजर समोर गेली. समोरच्या भिंतीवर एक तक्ता होता. चेंडूसारखे गोल चेहरे ओळीने काढलेले. बाईंचं शिक्षण तिसरीपर्यंतच, पण आकडे त्यांच्यापुढे पाणी भरायचे. पहिला चेहरा दात काढून हसत होता. त्याच्याखाली एक लिहिलं होतं. मधले चेहरे हळूहळू उतरत गेलेले, आणि शेवटचा ढसाढसा रडत होता. त्याच्याखाली दहा.

बाईंनी तक्ता एकदा डावीकडून वाचला, एकदा उजवीकडून. मग उकळत्या पाण्याची बादली अंगावर कलंडल्यासारखं झालं. नवऱ्याला दात काढणाऱ्यांच्या रांगेत उभं करून आलं होतं कोण? त्याच.

चुकलं हा शब्द बाईंनी आयुष्यात फारसा वापरला नव्हता. सुनेचं चुकलं, मुलाचं चुकलं, मास्तरांचं तर रोज. स्वतःचं शेवटचं कधी चुकलं होतं ते आठवायला बसावं लागलं असतं, आणि बसायला खुर्ची नव्हती. तो शब्द घरी, मोरीत, नळ सोडून म्हणता आला असता. इथे तीन रांगा कान टवकारून बसल्या होत्या.

त्या सरळ खिडकीशी गेल्या. रांगेतल्या कुणीतरी अहो-अहो केलं. बाईंनी नुसतं वळून बघितलं आणि ते अहो तिथेच विरलं.

"मुली, सकाळी फोनवर मी चुकले," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना मोठाच होता, तो लहान कसा करतात ते त्यांना माहीत नव्हतं. "आमच्या दुकानात एक म्हणजे सगळ्यात आधी. तुमच्याकडे एक म्हणजे हसतोय तो. मला ठाऊक नव्हतं. माझी चूक. तिची शिक्षा त्यांच्या डोळ्याला नको."

मुलीने पहिल्यांदा मान वर करून नीट बघितलं. "मग आता किती लिहू? दहा?"

हो म्हणायचं तेवढंच बाकी होतं. बाईंनी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मागून, खुर्चीतून, मास्तरांचा सरळमार्गी आवाज आला.

"पण दुखत तर अजिबात नाहीये."

खुर्च्यांमधून हसू फुटलं. टॅक्सीवाल्याने कपाळावर हात मारला. मुलीची बोटं थांबली. दुखत नसेल तर एकच राहतो, ती म्हणाली, एकवाल्याला मी आजचं काही देऊ शकत नाही काकू. तिच्या आवाजात तिला वाईट वाटत होतं, हेही बाईंना ऐकू आलं.

दुसरी एखादी तिथे नवऱ्यावर उखडली असती. बाई उखडणारच होत्या, पण घरी, फुरसतीने. ते दहा नंबरचं काम होतं. आत्ता त्यांनी खिडकीतून बोट आत घातलं आणि मुलीच्या खिशाखाली रोखलं.

"हा डाग दुखतो का तुला?"

मुलगी खाली बघायला लागली.

"नाही ना? पण आज रात्री साबणाच्या गरम पाण्यात घातलास की हा कायमचा बसला. आज आमच्याकडे आणलास तर जाईल, गुरुवारी आणलास तर नाही. डाग दुखून सांगत नाही, बाळ. वेळ सांगतो. माझ्या माणसाच्या डोळ्यात सकाळी पायाशी सावली होती. काल दिवे चमकत होते. परवा काहीच नव्हतं. आता कुठवर आलीय ते त्यांनाच विचारते, तू ऐक." आणि तिथूनच त्यांनी हाक दिली. "अहो, उजवा डोळा झाका. माझ्याकडे बघा. काय दिसतं?"

मास्तरांनी तळहाताने डोळा झाकला आणि प्रामाणिकपणे बघितलं. घरून निघताना त्यांना बायको कमरेपासून वर दिसत होती.

"डोकं दिसतंय. कपाळ, नाक. हनुवटी गेली," ते म्हणाले. "तोंड चालू आहे ते ऐकू येतंय."

या वेळी कुणी हसलं नाही. मुलीने काउंटरवरच्या काचेखालचं एक छापील पान बोटाने वरून खाली वाचलं. त्या पानावर ताबडतोब आत सांगायच्या दहा-बारा गोष्टी होत्या. छाती सगळ्यात वर होती. डोळ्यात सरकणारी सावली खालून तिसरी होती. सकाळपासून तिला कुणी ती ओळ वाचायला लावली नव्हती, आणि आकडा विचारला की पान बघायची गरज पडायची नाही. ती खुर्ची मागे सारून उठली, खिडकीवर पाच मिनिटांत येते अशी पाटी लावली, आणि आत गेली.

पुढचं सगळं आकड्याशिवाय झालं. नर्स आली. तिने मास्तरांचा एकेक डोळा झाकून बोट इकडून तिकडे फिरवलं, आणि दुसऱ्याच फेरीला ती थांबली. दोन पेशंटच्या मध्ये डॉक्टर दारात आले, उभ्या उभ्या दोन प्रश्न विचारले, डोळ्यात बारीक बॅटरी मारली, आणि चिठ्ठी लिहिली. आत्ता जा, ते म्हणाले, जेवायला थांबू नका, आणि डोकं फार हलवू नका. चिठ्ठीवर त्यांनी लाल पेनाने दोन रेघा मारल्या. बाईंना अक्षर लागलं नाही, रेघा लागल्या.

दारात टॅक्सीवाला किल्ली हातात घेऊन उभा होता. त्याचा नंबर आता पुढचाच होता.

"चला, पुलापलीकडे सोडतो," तो म्हणाला. "माझा खोकला तुमच्या मोजणीत आठ."

"सात," बाई म्हणाल्या. "ऐकलाय मी. परत येऊन दाखवून घ्या."

इस्पितळात चिठ्ठी बघून दारावरच्या माणसाने दार उघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया झाली. डोळ्याच्या आतला पडदा वरून सुटत आला होता. मधला, बारीक बघायचा भाग अजून जागेवर होता. आणखी दोन दिवस गेले असते तर तोही सुटला असता, असं सर्जन म्हणाले. त्यांना वाटलं बाई रडतील. बाईंनी विचारलं, काम कधीपासून करायचं.

लगेच नाही. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलेला, त्यामुळे सुरुवातीचे कितीतरी दिवस मास्तरांनी मान खाली घालून बसायचं, मान खाली घालून जेवायचं, पालथं झोपायचं. लग्नानंतर इतके दिवस मान खाली घालून ते पहिल्यांदाच वागतायत, असं बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. दहा नंबरचं राहिलेलं कामही त्यांनी त्याच काळात उरकलं. मान खाली असलेल्या माणसाला उत्तर देणं अवघड जातं.

सुनेने फोनच्या वर एक कागद चिकटवला: दवाखान्यात दहा म्हणजे आधी. बाईंनी तो वाचला आणि काढायला लावला नाही. सून म्हणाली, आई, फोन मी केला असता तरी मीसुद्धा एकच म्हटलं असतं. बाईंना ते आवडलं, पण तोंडावर दिसू दिलं नाही.

त्याच सुमारास दवाखान्यातली मुलगी दुकानात आली. हातात निळा कोट. ड्युटी, सुट्टी, ड्युटी, असं करत आठ दिवस गेले होते. आज मिळेल का, तिने काउंटरवर विचारलं.

बाई आतून बाहेर आल्या. "आजचे सगळे संपले," त्या म्हणाल्या. "उद्या आठला फोन कर."

मुलीचा चेहरा पडला. मग तिने बाईंकडे बघितलं, आणि दोघी इतक्या हसल्या की मुलाने मशिन बंद करून डोकं बाहेर काढलं. कोटावर बाईंनी स्वतः एक नंबरची चिठ्ठी टाचली. डाग अर्धाच निघाला. आठ दिवस आधी आणला असता तर, असं बाईंनी सांगितलंच. ते सांगितल्याशिवाय त्या कोट देणार नव्हत्या.

दोन महिन्यांनी बुडबुडा विरला. सकाळी दुकान उघडायच्या आधी मास्तर डावा डोळा उघडा ठेवून आणि उजवा झाकून एका पांढऱ्या चादरीपुढे उभे होते. बाई मागे उभ्या होत्या, काही काम नसताना.

"डाग आहे," मास्तर म्हणाले.

बाईंनी चादर हिसकून घेतली आणि खिडकीशी नेली. काठापासून चार बोटांवर, मसुराच्या दाण्याएवढा, फिकट पिवळा. त्यांच्या दोन धड डोळ्यांना तो सुटला होता. त्यांनी चादर डावीकडे नेली, उजवीकडे नेली, उलटी केली. डाग चादरीबरोबर गेला आणि चादरीबरोबर आला.

"कशाचा?" त्यांनी विचारलं.

"चहा. तीन दिवसांचा. वर लिंबू चोळलंय कुणीतरी."

"नंबर?"

मास्तरांनी चादर परत घेऊन डोळ्याजवळ धरली, अंगठ्याने डाग चाचपला आणि उगाच वेळ लावला.

"सहा," ते म्हणाले. "थांबेल."

"मग बसा जरा," बाई म्हणाल्या, आणि स्वतःही बसल्या.